जिंकलेल्या कपाचा जमाखर्च

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये एक कप आहे. पितळेचा, वर निकेलचा मुलामा. तो आता निम्मा उडाला आहे. दिवाळीची साफसफाई निघाली की आमची सौ. विचारते, ''हा अजून ठेवायचाय का?'' आणि दर दिवाळीला मी तो पुसून परत जागेवर ठेवतो. १९७४ च्या पावसाळ्यात परळमधल्या आमच्या चाळीच्या क्रीडामंडळाने फुटबॉलची एक स्पर्धा जिंकली, तिचा हा कप. मी त्या संघात खेळत नव्हतो. मी मंडळाचा खजिनदार होतो. नुकताच बँकेत चिकटलो होतो, तेव्हा हिशेबातले याला कळते असा सगळ्यांचा समज होता. खरे सांगायचे तर माझाही होता.

संघ आमचा बरा होता, पण दरवर्षी उपांत्य फेरीत मार खायचा. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आले, की बाहेरचे दोन खेळाडू आणले तर कप आपलाच. प्रत्येक सामन्याला एकेकाला ५० रुपये, शिवाय टॅक्सीचे भाडे. १९७४ सालचे ५० रुपये! मंडळाची वर्गणी होती महिना २ रुपये, आणि तीही निम्म्या पोरांकडे थकलेली. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पहिले बक्षीस ५०१ रुपये. जिंकल्यावर देणगीदार वाढतील, त्यांचे अंदाजे ६००. थकलेली वर्गणी वसूल होईल ती निराळीच. जमेची बाजू बघता बघता भरघोस दिसू लागली. त्या भरवशावर नाक्यावरच्या दुकानदाराकडून माझ्या शब्दावर १,२०० रुपये हातउसने आणले.

कप जिंकला. चाळीत गुलाल उधळला, बँड आला, त्या बँडचे पैसेही माझ्याच वहीत 'देणे' म्हणून पडले. बक्षिसाचे ५०१ त्याच आठवड्यात संपले. 'आधी जिंका, मग बघू' म्हणणारे देणगीदार आता 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू लागले. बाहेरचे दोघे जास्त पैसे देणाऱ्या मंडळाकडे गेले, आणि त्यात त्यांचे काय चुकले? दुकानदाराचे पैसे फेडायला आधी कॅरम बोर्ड विकला, मग दोन गॅसबत्त्या. उरलेली रक्कम वर्षभर माझ्या पगारातून गेली. पुढच्या पावसाळ्यात पोरांच्या बुटांना पैसे नव्हते. चार जण दुसऱ्या मंडळात गेले, आमचा गोलरक्षक गिरणीत लागला, बाकीची गोट्या-क्रिकेटकडे वळली. कप आला त्याच्या पुढच्या वर्षी आमचा संघच नव्हता.

पुढे छत्तीस वर्षे मी बँकेत काढली, त्यांतली बरीचशी कर्जविभागात. माणसे किती उमेदीने खोटे अंदाजपत्रक लिहितात, आणि ते लिहिताना ती खोटे बोलत नसतात, हे मी शेकडो वेळा पाहिले. प्रत्येक वेळी मला तो पेन्सिलीचा कागद आठवायचा.

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी चाळा लागतो. मला परदेशी फुटबॉल क्लबांचे ताळेबंद वाचायचा लागला. याला कारण आमचे चिरंजीव. तो नोकरीनिमित्त जर्मनीत, डॉर्टमुंड शहरात स्थायिक झाला. तिथे शेजारीपाजारी, दुकानात, ट्राममध्ये बोलायचा विषय एकच. नातवाने बोलायला लागल्यावर पहिला नारा शिकला तो 'हेया बेफाउबे'चा. बेफाउबे म्हणजे बीव्हीबी, बोरुसिया डॉर्टमुंड हा क्लब. पण डॉर्टमुंडकडे वळण्याआधी या धंद्याचे गणित सांगायला हवे, कारण ते कापडाच्या किंवा साखरेच्या धंद्यासारखे नाही.

क्लबाची जमा चार ठिकाणांहून येते: तिकिटे, दूरचित्रवाणीचे हक्क, जाहिरातदार आणि विकलेले खेळाडू. खर्चाची बाजू मात्र बहुतांशी एकाच शब्दात संपते, ती म्हणजे पगार. इंग्लंडमध्ये १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीचा पैसा धो धो येऊ लागला. १९९५ च्या डिसेंबरात युरोपच्या न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान या खेळाडूच्या बाजूने निकाल दिला, आणि करार संपलेला खेळाडू कुठेही फुकट जायला मोकळा झाला. वेठबिगार संपली, हे न्याय्यच झाले. पण तेव्हापासून नळातून आलेले पाणी थेट पगाराच्या मोरीत जाऊ लागले.

आणि खरी गोम पुढेच आहे. साखर कारखान्याचा शेजारच्या कारखान्यापेक्षा उतारा कमी पडला, तरी त्याची साखर विकली जातेच. फुटबॉलात वीस क्लब असतील तर वरच्या तिघाचौघांना चॅम्पियन्स लीगचे पैसे मिळतात आणि तळाचे तिघे खालच्या विभागात घसरतात, तिथे उत्पन्न एकदम कोसळते. म्हणजे दहा जण चार खुर्च्यांचे भाडे आगाऊ भरून बसतात, सहा उभेच राहतात, आणि भाडे मात्र परत मिळत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ते खरे; पण या धंद्यात अंथरुणाची लांबी मोसम संपल्यावर कळते, आणि पाय ऑगस्टमध्येच पसरावे लागतात.

हे ज्याने सर्वांत नामांकित पद्धतीने केले, तो इंग्लंडचा लीड्स युनायटेड. पीटर रिड्सडेल नावाचे अध्यक्ष होते. स्वतः लहानपणापासूनचे लीड्सभक्त. (हे लक्षात ठेवा, क्लब बुडवणारा दर वेळी लुटारू नसतो, पुष्कळदा तो प्रेमातच असतो.) २००० च्या नोव्हेंबरात त्यांनी रिओ फर्डिनांड या बचावपटूसाठी १ कोटी ८० लाख पौंड मोजले, तोवर जगात कुठल्याही बचावपटूला एवढी किंमत मिळालेली नव्हती. २००१ मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला. तरुण मुले, बेधडक खेळ. आम्ही रात्री जागून पाहिलेले सामने आहेत ते. पण त्याच मोसमात देशातल्या लीगमध्ये लीड्स चौथा आला. तेव्हा तिघांनाच पुढच्या वर्षीच्या चॅम्पियन्स लीगचे दार उघडे होते, आणि तिसऱ्या आलेल्या लिव्हरपूलपेक्षा लीड्सचा एक गुण कमी होता. एक गुण!

दरम्यान येत्या अनेक वर्षांच्या तिकीटविक्रीच्या तारणावर ६ कोटी पौंडांचे कर्ज उचलले होते. शेतातले पीक गहाण टाकतात ते आपण ऐकले आहे. इथे न पेरलेले पीकही गहाण होते. काही खेळाडू तर गाडी हप्त्याने घ्यावी तसे भाडेपट्ट्याच्या व्यवहारातून आणलेले. चॅम्पियन्स लीग हुकल्यावर सावरण्याचा एक मार्ग होता, हात आखडण्याचा. लीड्सने उलट केले. पुढच्या वर्षी नक्की, म्हणून आणखी खेळाडू घेतले. त्या वर्षी नंबर आला पाचवा. मग विक्री सुरू झाली. फर्डिनांड २००२ मध्ये सुमारे ३ कोटी पौंडांना हाडवैरी मँचेस्टर युनायटेडकडे गेला. रॉबी फाउलर मँचेस्टर सिटीला विकला तेव्हा त्याच्या पगाराचा काही भाग लीड्सच भरत राहिले; घर विकून नव्या मालकाचे वीजबिल आपण भरावे तसे. कार्यालयातल्या शोभेच्या माशांचे भाडे वर्तमानपत्रांत गाजले, पण ती रक्कम वर्षाला काहीशे पौंडांची होती. लोकांना मासे लक्षात राहिले, ते सहा कोटी राहिले नाहीत. कर्जविभागातही मी हेच पाहिले आहे, संचालकांच्या चहापाण्यावर तास-तास चर्चा आणि मुख्य कर्जाला मिनिटात मंजुरी.

२००४ मध्ये लीड्स प्रीमियर लीगमधून घसरले. त्याच वर्षी एलंड रोड हे त्यांचे मैदान विकावे लागले. २००७ मध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि तिसऱ्या विभागात उतरला. प्रीमियर लीगमध्ये परत यायला २०२० उजाडले. सोळा वर्षे! ज्या पोराने फर्डिनांडचा फोटो भिंतीवर लावला असेल, त्याला स्वतःचे पोर झाले असेल तोवर.

लीड्स निदान उरले तरी. बरी या गावाचे तेही झाले नाही. मँचेस्टरजवळचे हे कापडगिरण्यांचे गाव, आपल्या गिरणगावाचे चुलतभावंड म्हणा. क्लब १८८५ चा. १९०३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात बरीने डर्बीला ६-० ने हरवले होते. तो विक्रम ११६ वर्षे अबाधित राहिला, आणि २०१९ च्या मे महिन्यात मँचेस्टर सिटीने त्याची बरोबरी केली. त्याच वसंतात बरीचा संघ चौथ्या विभागात दुसरा येऊन वर चढला होता. खेळाडूंचे पगार थकलेले असताना चढला होता! आदल्या डिसेंबरात क्लब १ पौंडाला नव्या मालकाच्या हाती गेला होता, आणि कर्ज फेडायची ऐपत असल्याचा पुरावा काही दाखवता आला नाही. २७ ऑगस्ट २०१९. नवा मोसम सुरू होणार या आशेवर त्या दिवशी गावकरी झाडू-बादल्या घेऊन मैदानावर आले. खुर्च्या पुसल्या, संडास धुतले. संध्याकाळी फुटबॉल लीगने क्लबाची हकालपट्टी जाहीर केली. कप जिंकून संघ गमावता येतो, हे मला चाळीत कळले होते. वरचा विभाग जिंकून क्लब गमावता येतो, हे बरीने दाखवले.

पुढे २०२२ मध्ये समर्थकांनी सरकारी मदतीच्या जोडीने ते मैदान परत मिळवले आणि क्लब पुन्हा खालपासून सुरू झाला. पण मूळ प्रश्न उरतोच, क्लब नेमका कुणाचा? ज्याच्या नावावर आहे त्याचा, की झाडू घेऊन आला त्याचा?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. मुंबईतला फुटबॉल कंपन्यांच्या जिवावर वाढला. कूपरेजच्या बाकांवर बसून आम्ही टाटा, मफतलाल, ऑर्के, एअर इंडिया अशी नावे ओरडत मोठे झालो. गिरणीच्या आणि विमान कंपनीच्या नावाने गळा काढताना त्यात काही विचित्र वाटत नसे. खेळाडूला कंपनीत नोकरी, खेळ संपला तरी पगार चालू. ती व्यवस्था वाईट नव्हती, फार माणुसकीची होती. पण त्यात क्लब हा कंपनीच्या खर्चाच्या बाजूचा एक रकाना होता. महिंद्र युनायटेडने २००५-०६ चा राष्ट्रीय लीगचा किताब मुंबईत आणला. गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक होते. त्या मोसमात मी बँकेतून परस्पर कूपरेजला जात असे, आणि घरी 'ऑडिट आहे' म्हणून सांगत असे. चार वर्षांनी, २०१० च्या मोसमाअखेर, संघ बंद करून तळागाळातल्या फुटबॉलकडे लक्ष द्यायचे कंपनीने ठरवले. मला राग आला नाही. कंपनीचा पैसा, कंपनीचा निर्णय. बँकवाल्याला हे समजते. पुढच्या वर्षी पंजाबचा जेसीटीही बंद झाला, १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा. या संघांनी मैदानावर काही गमावले नव्हते. त्यांची किल्लीच दुसऱ्याच्या खिशात होती.

गोव्याचे दुःख आणखी मोठे, कारण तिथे फुटबॉल गावागावात आहे. धेंपो क्लबाने राष्ट्रीय पातळीवरचे पाच किताब घेतले, साळगावकरने दोन. त्यांच्या पाठीशी उद्योगपती घराणी होती आणि त्यांनी वर्षानुवर्षे पदरमोड केली. पण २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, लोकांचे डोळे आणि जाहिरातदारांचे पैसे तिकडे गेले. ती लीगच सर्वांत वरची ठरणार असे महासंघाच्या योजनेतून दिसू लागले, तेव्हा २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. ज्या शिडीला वरची पायरीच नाही, तिच्यावर पैसे का खर्चायचे, हा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता. बरे, नव्या लीगचे तरी भले झाले म्हणावे, तर २०२५ च्या जुलैत तिच्याच पुढच्या मोसमाला स्थगिती मिळाली, कारण महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातल्या कराराची मुदत संपत आली होती आणि पुढचे ठरत नव्हते. ऑगस्टमध्ये बंगळूरच्या क्लबाने पहिल्या संघाचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. बंगळूरसारखा शिस्तीचा, किताब जिंकलेला क्लब!

आता डॉर्टमुंड. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलाकडे होतो. कोळसा, पोलाद आणि बिअर यांवर उभे राहिलेले हे शहर. शेवटची कोळशाची खाण १९८७ मध्ये बंद झाली. फिनिक्स नावाचा पोलादाचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला, तेव्हा चिनी कामगार येऊन त्याचा एकेक सांधा सोडवून बोटीने चीनला घेऊन गेले. त्या जागी आता तळे आहे, काठावर टुमदार घरे आणि कॉफीची दुकाने. मुलाने मोठ्या कौतुकाने तिथे फिरायला नेले. नाव ऐकून मला हसावे की रडावे कळेना. लोअर परळच्या आमच्या फिनिक्स मिलचाही असाच मॉल झाला. फरक एवढाच, की गिरण्या गेल्यावर आमच्याकडे सर्वांनी मिळून ओरडायला काही उरले नाही. डॉर्टमुंडच्या लोकांकडे क्लब उरला.

मुलाच्या शेजारी एक म्हातारबुवा राहतात. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे. त्यांना इंग्रजी येत नाही, मला जर्मन येत नाही. मुलगा मध्ये बसून दुभाषाचे काम करी आणि कंटाळला की उठून जाई. त्यांनी एके दिवशी फडताळातून फ्रेम केलेला कागद काढून दाखवला. क्लबाचे शेअर! २००० च्या ऑक्टोबरात बोरुसिया डॉर्टमुंड शेअर बाजारात उतरला, असे करणारा पहिलाच जर्मन क्लब. भाव ११ युरो. १९९७ मध्ये यांनी युव्हेंटसला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली होती, तेव्हा आता मागे वळून बघायचेच नाही असे वातावरण. म्हातारबुवांनी नातवंडांच्या नावाने शंभर शेअर घेतले.

बाजारातून मोठी रक्कम आली आणि गेली. ब्राझीलच्या मार्सिओ आमोरोसोसाठी ५ कोटी मार्क मोजले. २००२ मध्ये किताब मिळाला, म्हणजे अंदाजपत्रक बरोबरच होते असे सर्वांना वाटले. (आमच्या कपाच्या वेळी मलाही तसेच वाटले होते.) त्याच सुमारास स्टेडियम एका गुंतवणूक फंडाला विकून भाड्याने घेण्याचा व्यवहार झाला. मग २००३ च्या ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या क्लब ब्रुजविरुद्ध पात्रता सामना पेनल्टीवर हरले आणि चॅम्पियन्स लीग हुकली. पेनल्टीच्या दोन-तीन फटक्यांवर एवढ्या मोठ्या संस्थेचे वर्षाचे उत्पन्न उभे असावे, हे कुठल्याही कर्जविभागात कुणी मंजूर केले असते का? कर्ज १० कोटी युरोंच्या पलीकडे गेले. खेळाडूंनी पगारात २० टक्के कपात मान्य केली. प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिकने त्या काळात गुपचूप २० लाख युरो उसने दिले होते, तारणाशिवाय. उली हॉनेस यांनी ते २०१२ मध्ये उघड केले. शत्रूला पैसे देण्यामागे उदारपणा किती आणि 'हा मेला तर आपण कुणाला हरवायचे' हा हिशेब किती, देव जाणे.

१४ मार्च २००५ हा दिवस म्हातारबुवांना तारखेनिशी पाठ. ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर त्या फंडाच्या गुंतवणूकदारांची सभा भरली. भाडे आणि हप्ते लांबवायला त्यांनी नकार दिला असता, तर क्लब त्याच दिवशी दिवाळखोर. त्यांतले बहुतेक शेकडो मैलांवरचे साधे बचतदार, फुटबॉलशी देणेघेणे नसलेले. म्हातारबुवा रेडिओपाशी बसून होते. ''माझा कारखाना बंद झाला त्या दिवशी मी रडलो नव्हतो,'' ते म्हणाले. मुलाने भाषांतर केले आणि क्षणभर कुणीच बोलले नाही. सभेने प्रचंड बहुमताने होकार दिला.

जर्मनीत १९९८ पासून नियम आहे, की मतांचा निम्म्याहून अधिक भार सभासदांच्या संस्थेकडेच राहिला पाहिजे. कुणी धनाढ्य येऊन क्लब विकत घेऊ शकत नाही. आपल्याकडे या नियमाचे फार गोडवे गातात. मला तो आवडतो, पण खजिनदार म्हणून एक सांगतो: डॉर्टमुंड बुडायला निघाला तेव्हाही तो नियम लागू होताच. स्पेनचा बार्सिलोनाही सभासदांचाच. तिथे २०२१ मध्ये कर्ज १३५ कोटी युरोंवर गेले, पगार उत्पन्नाच्या १०३ टक्क्यांवर, आणि मेस्सीला ठेवणे परवडेना. सभासद मालक असले म्हणून त्यांना कप नको असतो थोडाच? आमच्या मंडळातही ठराव एकमताने झाला होता.

डॉर्टमुंडला वाचवायला जे आले, ते हान्स-योआखिम वाट्झके. अग्निशामक दलाचे कपडे बनवणारे कारखानदार, आणि त्याआधी, मला हे वाचून बरे वाटले, क्लबाचे खजिनदार. त्यांनी स्टेडियमचे नाव विमा कंपनीला विकले, लोक कुरकुरले. २००६ मध्ये स्टेडियम परत क्लबाचे झाले. २००८ मध्ये युर्गेन क्लॉप प्रशिक्षक म्हणून आले. विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून पोरे घेतली. जपानचा शिंजी कागावा साडेतीन लाख युरोंना. मोठ्या क्लबांत तेवढी रक्कम दलालाची होते. पोलंडचा लेवांडोव्स्की साडेचार लाखांचा नव्हे, पंचेचाळीस लाखांचा, तरी फुकटच म्हणायचा. मारिओ गोट्झे घरचाच. २०११ आणि २०१२, लागोपाठ दोन किताब. गरिबी हीच योजना झाली होती.

पण गोष्ट इथे संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारण त्या मुलांना त्यांच्या किमतीएवढा पगार देणे क्लबाला जमणारे नव्हते, आणि देऊन पाहायची चूक एकदा भोगून झाली होती. गोट्झे २०१३ मध्ये बायर्नला गेला, लेवांडोव्स्की २०१४ मध्ये बायर्नलाच, तोही करार संपवून फुकट. मग विकणे हाच धंदा झाला. फ्रान्सचा देम्बेले २०१६ मध्ये दीड कोटीला घेतला, वर्षाने बार्सिलोनाला साडेदहा कोटींना विकला, वर बोनस वेगळा. (हेही बार्सिलोनाच्या त्या १३५ कोटींत कुठेतरी आहे.) सँचो, हालांड, बेलिंगहॅम, सगळे आले, फुलले, गेले. ताळेबंद म्हणून पाहिला तर बँकेत मी पेढे वाटले असते. म्हातारबुवा म्हणाले, ''नातवाच्या पाठीवर दर दोन वर्षांनी नव्या नावाचा सदरा घ्यावा लागतो.'' हा खर्च कुठल्या रकान्यात धरायचा, मला सांगता आले नाही. २०१२ नंतर लीगचा किताब आला नव्हता.

२७ मे २०२३ ला तो येईल अशी वेळ आली. मोसमाचा अखेरचा दिवस, घरच्या मैदानावर माइन्झशी सामना, जिंकले की किताब. बायर्न दोन गुणांनी मागे. तिकीट मिळणे शक्यच नव्हते. म्हातारबुवांनी अंगणात टीव्ही लावला, खुर्च्या मांडल्या, आमच्या सौ.ने कांदाभजी तळली, त्यांच्या घरून बटाट्याचे सॅलड आले. आठ वर्षांच्या नातवाच्या अंगात बेलिंगहॅमच्या नावाचा सदरा. बेलिंगहॅम जाणार, हे तेव्हाच बोलले जात होते, आणि त्या दिवशी तो दुखापतीमुळे बाकावर बसून होता.

पहिल्या पंचवीस मिनिटांत माइन्झचे दोन गोल. मधे डॉर्टमुंडची एक पेनल्टी वाया गेली. उत्तरार्धात एक गोल फेडला. मग ८१ व्या मिनिटाला तिकडे कोलोनमध्ये बायर्नवर पेनल्टीचा गोल झाला आणि बरोबरी झाली. म्हणजे या क्षणाला डॉर्टमुंड हरत असूनही विजेता! अंगण उठून उभे राहिले. शेजारच्या गल्लीतून फटाके वाजले. माझ्यासारखा आयुष्यभर 'येणे' आणि 'आलेले' यांतला फरक शिकवणारा माणूस, मीही नातवाला उचलून घेतले. आठ मिनिटे. ८९ व्या मिनिटाला मुसियालाने बायर्नसाठी गोल केला. डॉर्टमुंडने भरपाईच्या वेळेत २-२ केले, पण आणखी एक काही झाला नाही. दोघांचे ७१ गुण, आणि गोलफरकावर किताब बायर्नचा, सलग अकरावा.

पडद्यावर दक्षिणेकडचा तो उभ्याचा कट्टा दिसत होता, सुमारे पंचवीस हजार माणसांचा, पिवळी भिंत म्हणतात तिला. प्रशिक्षक एडिन तेर्झिच, लहानपणापासूनचा याच क्लबाचा वेडा, त्या भिंतीसमोर एकटा उभा राहून रडत होता. आणि लोक गात होते. नातू रडत रडत विचारत होता, ''आजोबा, हरले ना? मग गातात का?'' मी सांगायला सुरुवात केली, की एकदा हे स्टेडियमच जाणार होते, विमानतळावर सभा होती, वगैरे. तो म्हणाला, ''पण एक गोल हवा होता.''

''हवा होता रे,'' मी म्हणालो.

एखादा महागडा आघाडीवीर घेतला असता तर तो गोल झाला असता का? झालाही असता. माझ्या पेन्सिलीच्या कागदावर तर तो नक्कीच झाला असता. त्या रात्री झोप आली नाही, तेव्हा मी पलंगावर पडल्या पडल्या हाच हिशेब दोन्ही बाजूंनी मांडत होतो, आणि दोन्ही वेळा तो जुळत होता. तीनच आठवड्यांत बेलिंगहॅमच्या विक्रीचे १० कोटी ३० लाख युरो जाहीर झाले.

अंगणात मात्र त्या संध्याकाळी म्हातारबुवांनी टीव्ही बंद केला आणि मुकाट्याने खुर्च्या घडी करायला घेतल्या. मीही चार उचलल्या. गॅरेजपाशी थांबून त्यांनी मुलाला हाक मारून काहीतरी विचारले.

''काय म्हणताहेत?'' मी विचारले.

''ऑगस्टमध्ये तुम्ही इथेच असाल का, म्हणताहेत, बाबा. पहिल्या सामन्याला. भजी चांगली झाली होती म्हणे.''